चित्रपट पुरा होतो तेव्हा



ज्वारीची कापणी झाली म्हणजे सुगी आटोपली, असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. कणसे खुडायची असतात, खळ्यावर आणायची असतात, मळणी, उफणणी करून पोती भरायची असतात आणि मग बाजार गाठायचा असतो. कापणीनंतर अवकाळी पावसाने गाठले तर काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. उभे पीक पाहून हरखून गेलेला माणूस खळ्यावर रडताना आपण सगळ्यांनीच पाहिला आहे.

चित्रपटाचेही असेच असते. गावात कॅमेरा येतो, दिवे लागतात, माणसे जमतात, चार-सहा आठवडे धामधूम चालते आणि एके दिवशी सामान बांधून मंडळी निघून जातात. गावकऱ्यांना वाटते, झाला सिनेमा! पण तो झालेला नसतो. तेव्हा फक्त कापणी झालेली असते. खळे पुढे आहे, आणि बाजार त्याच्याही पुढे आहे. मोठ्या कंपनीचा चित्रपट असेल तर तिच्यापाशी गाड्या, गोदामे, दलाल सारे काही तयार असते. पण ज्याने स्वतःच्या हिमतीवर, थोड्या भांडवलावर चित्रपट काढला, त्याची खरी परीक्षा येथून पुढे सुरू होते. कितीतरी चित्रपट चित्रण पुरे होऊनही डबाबंद राहतात, आणि त्यांबरोबर कोणाची जमीन, कोणाचे दागिने, कोणाची उमेदीची पाच वर्षे डब्यात जातात.

आज हा विषय खेड्यातल्या श्रोत्यांपुढे मांडण्याचे कारण आहे. कॅमेरा आता दुर्मिळ राहिलेला नाही, तो ज्याच्या त्याच्या खिशात आहे. गावोगावची पोरे चित्रपट काढू पाहतात. कोणी त्यांच्यासाठी पैसे उभे करते, कोणी घर देते, कोणी बैलजोडी देते, गुरुजी शाळेतली मुले देतात. तेव्हा या उद्योगाची पुढची वाट कशी असते, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

प्रथम खळ्यावरचे काम पाहू. चित्रण क्रमाने होत नाही. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी घेतात, पहिला प्रसंग शेवटच्या दिवशी. एकच प्रसंग चार-चार वेळा घेतात. या ढिगातून निवडून, कापून, जोडून गोष्ट उभी करायची, याला संकलन म्हणतात. ही झाली मळणी. त्यानंतर आवाज. संवाद अस्पष्ट असतील तर पुन्हा बोलवून घ्यायचे, पावलांचे, दाराचे, पावसाचे आवाज भरायचे, संगीत घालायचे आणि हे सारे एकमेकांत असे मिसळायचे की एकाने दुसऱ्याला झाकू नये. मग रंग आणि उजेड सारखा करायचा. एक प्रसंग सकाळी आणि त्याचा पुढचा भाग दुपारी घेतलेला असला तरी पाहणाऱ्याला ते कळता कामा नये. शेवटी सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र. १९५२ च्या कायद्याप्रमाणे त्याच्यावाचून चित्रपट लोकांपुढे थिएटरात दाखवता येत नाही.

ही यादी लहान वाटते, पण तिच्यात महिने जातात. आणि गंमत अशी, की या वेळेपर्यंत निर्मात्याची थैली रिकामी झालेली असते. चित्रणाच्या दिवसांत पैसा डोळ्यांसमोर खर्च होतो, माणसे जेवतात, गाड्या पळतात. मागचे काम अंधाऱ्या खोलीत दोन माणसे करीत असतात. त्याला पैसा लागतो हे कोणाला पटतच नाही.

याचे उदाहरण म्हणून बंगालमधल्या एका चित्रपटाची हकीकत सांगतो. नाव ‘पथेर पांचाली’. दिग्दर्शक सत्यजित राय. राय कलकत्त्याच्या एका जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून नोकरीला होते. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवर चित्रपट काढायचा, त्यात खेडे खरेच खेडे दिसले पाहिजे, नावाजलेले नटनट्या नकोत, असे त्यांच्या मनाने घेतले. निर्मात्यांचे उंबरे झिजवले, पण गाणी नाहीत, नाच नाही, अशा चित्रपटाला पैसा कोण देणार? शेवटी आयुर्विम्यावर कर्ज काढून आणि आपले ग्रामोफोनचे संग्रह विकून त्यांनी १९५२ च्या ऑक्टोबरात सुरुवात केली. नोकरी चालूच होती, म्हणून काम सुट्टीच्या दिवशी.

पहिल्याच प्रसंगाची कथा ऐका. अपू आणि दुर्गा ही भावंडे पांढऱ्या तुऱ्यांच्या काश गवतातून आगगाडी पाहायला जातात, असा तो प्रसंग. पहिल्या दिवशी थोडे काम झाले. पुढच्या रविवारी मंडळी जाऊन पाहतात तो रान मोकळे! गुरांनी सगळा फुलोरा खाऊन टाकलेला. आता पुढच्या वर्षी गवत फुलेपर्यंत थांबणे आले. तुम्ही हसाल, पण शेतकऱ्याला यातले दुःख लवकर कळेल. निसर्गाच्या भरवशावर काम करणाऱ्याचा हंगाम चुकला की वर्ष जाते.

पुढे पत्नीचे दागिने गहाण पडले. तेही पैसे संपले. काम जवळजवळ वर्षभर बंद राहिले. कॅमेऱ्यावर सुब्रत मित्र नावाचा विशी ओलांडलेला तरुण होता, त्यानेही पूर्वी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. म्हाताऱ्या आत्याचे काम करणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरात होत्या. राय पुढे म्हणत, की तीन चमत्कार घडले म्हणून हा चित्रपट पुरा झाला: अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा अचानक वाढली नाही आणि आत्या जिवंत राहिली. काम रखडले की मुले थांबत नाहीत, ती वाढतात. म्हातारी माणसे थांबत नाहीत. चित्रपटाच्या दिरंगाईचा हिशेब नुसत्या व्याजात होत नसतो, तो असा माणसांच्या वयात होतो.

शेवटी हात कोणी दिला? पश्चिम बंगाल सरकारने. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्यापर्यंत ओळखीने गोष्ट पोचली. त्यांनी मदत मंजूर केली. पण सिनेमाला पैसा देण्याचे खाते सरकारात होते कुठे? चित्रपटाच्या नावात ‘पथ’ म्हणजे रस्ता आहे ना, मग रस्तेसुधारणेच्या खात्यातून रक्कम देण्यात आली! शेवट बदलावा, घर सोडून जाणारे ते कुटुंब गावातच राहून गावसुधारणेच्या कामाला लागलेले दाखवावे, अशी सूचनाही झाली. राय यांनी ती मानली नाही. सगळा मिळून खर्च सुमारे दीड लाख रुपये झाला. सरकारचा पैसा पुढे वसूल झाला, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता खळ्यावरची घाई पाहा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे एक अधिकारी, मन्रो व्हीलर, कलकत्त्यास आले होते. त्यांनी चित्रपटाची काही छायाचित्रे पाहिली आणि १९५५ च्या मे महिन्यात भारतीय कलेचे प्रदर्शन आहे, त्यात हा दाखवू, म्हणून सांगितले. तारीख ठरली, चित्रपट मात्र अपुरा. रविशंकर यांना फुरसत नव्हती. त्यांनी चित्रपटाचा काही भाग पाहिला आणि एका रात्रीच्या बैठकीत, सुमारे अकरा तासांत, संगीत करून दिले. जेथे तुकडा कमी पडला तेथे कॅमेरावाल्या सुब्रत मित्रांनीच सतार वाजवली. संकलक दुलाल दत्त आणि राय शेवटचे दहा दिवस रात्रीचा दिवस करून बसले. प्रत निघाली तीच विमानात घातली. खाली इंग्रजी अक्षरे छापायलासुद्धा वेळ उरला नव्हता. ३ मे १९५५ रोजी, ज्यांना बंगालीचा एक शब्द कळत नव्हता अशा लोकांनी तो पहिल्यांदा पाहिला, आणि तो त्यांच्या मनाला भिडला.

संकलनाच्या खोलीत काय घडते त्याचा एक दाखला देतो. दुर्गा तापाने जाते. बाप परगावी असतो. तो परत येतो, मुलीसाठी आणलेली साडी आईच्या हातात ठेवतो आणि आईचा बांध फुटतो. तेथे आईचा आक्रोश ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई या वाद्याचा स्वर ऐकू येतो. चित्रणाच्या वेळी नटीने केलेले रडणे खोटे होते असे नव्हे. पण मागाहून, शांतपणे बसून, त्या रडण्याच्या जागी तो स्वर घालावा असे ठरले, आणि प्रसंगाची धार दसपट झाली. तेव्हा हे मागचे काम म्हणजे नुसती साफसफाई नव्हे. चित्रपटाचा जीव कित्येकदा तेथेच जन्माला येतो.

येथवर झाले खळे. आता बाजार.

बाजाराची गोष्ट करायची तर आपल्या दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात केली पाहिजे. त्र्यंबकेश्वरचे फाळके. त्यांनीही विम्याच्या पॉलिशीवर कर्ज काढले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला. सरस्वतीबाई मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे कामही करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांपुढे आला. मुंबईत नाव झाले. पण सुरतेला नेला तेव्हा पहिल्या खेळाचे उत्पन्न तीन रुपये झाले, असे सांगतात. तेथे नाटके रात्ररात्र चालत, मग हा तासा-दीड तासाचा खेळ कोण पाहणार? फाळके घाबरले नाहीत. त्यांनी जाहिरात बदलली. तीन आण्यांत सत्तावन हजार छायाचित्रे पाहायला मिळतील, असा हिशेब लोकांपुढे ठेवला. लोक आले. चित्रपट तोच होता. त्या गावाच्या माणसाला तो कसा सांगायचा, एवढेच बदलले.

राय यांनाही हेच करावे लागले. न्यूयॉर्कच्या कौतुकाने कलकत्त्यातले तिकीट खपत नाही. जाहिरात व्यवसायातल्या लोकांसाठी आधी एक खेळ केला, तो थंड गेला. मग राय यांनी स्वतः मोठाले फलक काढले. धावणाऱ्या अपू-दुर्गेचे दिव्यांचे चित्र भर चौकात लावले. २६ ऑगस्ट १९५५ ला चित्रपट लागला. पहिले दिवस रिकाम्या खुर्च्यांचे गेले. मग एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत गर्दी लोटली. पण तोवर थिएटर पुढच्या चित्रपटासाठी दिलेले होते. भरल्या गर्दीत जागा सोडावी लागली आणि दुसऱ्या थिएटरात पुन्हा मांड मांडावी लागली. तेथे तो आणखी सात आठवडे चालला. पुढे १९५६ मध्ये कान येथे त्याचा गौरव झाला, आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका थिएटरात तो आठ महिने मुक्काम ठोकून होता.

या हकीकतीतली मेख लक्षात घ्या. लहान चित्रपटाला तोंडी कीर्तीचा आधार असतो, आणि तोंडी कीर्ती पसरायला दिवस लागतात. थिएटर मात्र दिवस देत नाही. त्याला शुक्रवारी लावलेल्या चित्रपटाचा सोमवारी हिशेब हवा असतो. पेरून चार दिवसांत कोंब दिसला नाही तर रान नांगरून टाकावे, तसा हा प्रकार आहे.

वितरण म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. निर्माता माल तयार करतो, वितरक तो गावोगावच्या थिएटरांना पोचवतो, थिएटरवाला तो लोकांना दाखवतो. वितरकाशी करार तीन तऱ्हांनी होतो. एक, ठरावीक रक्कम घेऊन हक्क विकून टाकणे. दोन, काही रक्कम हमीची आणि पुढच्या उत्पन्नात वाटा. तीन, नुसते कमिशन, म्हणजे चित्रपट चालला तर तुमचे नशीब, न चालला तर तुमचेच नुकसान. नवख्या निर्मात्याच्या पदरी बहुधा तिसरा पडतो. शंभर रुपयांचे तिकीट फाटले, की त्यातून आधी कर जातो, मग थिएटरचा वाटा, मग वितरकाचे कमिशन, मग जाहिरातीवर वितरकाने केलेला खर्च. उरले तर निर्मात्याचे. म्हणून ‘थिएटर भरले होते हो, पण हाती काही लागले नाही’ असे कोणी म्हणाला तर तो खोटे बोलतो असे समजू नका.

मग यातून वाट कोणती? एक मोठी सुरेख वाट गुजरातच्या शेतकऱ्यांनी दाखवून दिली. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. विषय दूध-सहकारी संस्थांचा. पैसा कोणाचा? पाच लाख शेतकऱ्यांचा, माणशी दोन रुपये! पटकथेच्या कामात आपले विजय तेंडुलकर होते आणि प्रमुख भूमिकेत आपली स्मिता पाटील. चित्रपट लागला तेव्हा गावोगावचे शेतकरी ट्रक भरभरून पाहायला आले. आपल्या मालकीचा चित्रपट होता तो, येणार नाहीत तर काय! येथे भांडवल देणारा आणि तिकीट काढणारा एकच झाला, आणि निम्मे वितरण तेथेच झाले. पुढे त्याच्या लहान प्रती करून, बरोबर गुरांचा डॉक्टर आणि दुधाचा जाणकार देऊन तो खेड्यापाड्यांतून दाखवण्यात आला. चित्रपट संपला की चर्चा, आणि चर्चेतून नवी सहकारी संस्था. त्याच चित्रपटाची जुनी प्रत दुरुस्त करून २०२४ साली कान येथे पुन्हा दाखवली गेली.

दुसरे उदाहरण केरळातले. जॉन अब्राहम नावाच्या दिग्दर्शकाने मित्र गोळा करून ‘ओडेसा’ नावाची मंडळी उभी केली. ही मंडळी गावोगाव जात, चौकात चार्ली चॅप्लिनचा चित्रपट दाखवीत आणि झोळी फिरवीत. त्या वर्गणीतून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट झाला आणि तो पुन्हा तसाच, धंद्याच्या बाहेर, गावोगाव फिरला. आपल्याकडे जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवण्याची चाल होतीच. पडदा गावात आणायचा, गावाला शहरात न्यायचे नाही, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

आता तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, पुतण्या, विद्यार्थी चित्रपट काढतो म्हणून उभा राहिला, तर त्याला काय सांगाल? ‘हे आपले काम नव्हे’ असे सांगू नका. पण चार प्रश्न जरूर विचारा.

पहिला प्रश्न: चित्रणानंतरचा पैसा कोठे आहे? सगळी रक्कम कापणीलाच खर्चून टाकणारा शेतकरी आणि असा निर्माता, दोघेही सारखेच. माझे म्हणणे असे, की हाती असलेल्या पैशाचा एक तृतीयांश तरी संकलन, आवाज आणि जाहिरात यांसाठी आधीच वेगळा काढून ठेवावा आणि त्याला हात लावू नये. तेवढ्यात चित्रण बसत नसेल तर गोष्ट आटोपशीर करावी. आणि राहती जमीन तारण ठेवून तर मुळीच सुरुवात करू नये.

दुसरा प्रश्न: कागद पुरे आहेत काय? कथा कोणाची असेल तर तिचा लेखी हक्क पाहिजे. राय यांनीसुद्धा कादंबरीकाराच्या पत्नीकडून रीतसर हक्क घेतले होते. लोकप्रिय गाणे पाठीमागे वाजवले तर त्याची परवानगी पाहिजे. बैल, शेळी, घोडा पडद्यावर असेल तर प्राणी कल्याण मंडळाचा दाखला पाहिजे, नाहीतर प्रमाणपत्र अडते. आणि गुरुजनहो, हे खास तुमच्यासाठी: चौदा वर्षांखालचे मूल चित्रपटात घ्यायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही, आणि त्याच्या मिळकतीतला निदान पाचवा हिस्सा त्याच्या नावाने बँकेत ठेवावा लागतो. मुले देताना हे विचारायला लाजू नका. शाळा बुडता कामा नये, हेही त्या नियमांतच आहे.

तिसरा प्रश्न: हा चित्रपट कोणासाठी आहे, आणि ती माणसे कोठे भेटतील? ‘सगळ्यांसाठी’ हे उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. मेंढपाळांची गोष्ट असेल तर मेंढपाळांच्या यात्रा कधी भरतात? ऊसतोडणीची असेल तर मंडळी गावी केव्हा परततात? चित्रपट लावायची तारीख शहरातल्या शुक्रवारावर ठरवायची की आपल्या माणसाच्या सवडीवर? पूर्वी प्रत्येक थिएटरसाठी फिल्मची निराळी प्रत काढावी लागे आणि ती महाग पडे. आता चित्रपट आकड्यांच्या रूपात, लहानशा डबीतून जातो. खर्च उतरला, पण त्याचबरोबर गर्दी वाढली. मोबाइलवर दाखवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्याशी करार करताना हक्क किती वर्षांचे, कोणत्या भाषांचे आणि पैसे केव्हा, हे वाचल्याशिवाय सही करू नये. आधी सगळे हक्क देऊन टाकले, की मग गावच्या देवळासमोर आपलाच चित्रपट दाखवायलाही दुसऱ्याला विचारावे लागते.

चौथा प्रश्न: मूळ प्रत कोठे ठेवली आहे? ‘पथेर पांचाली’च्या मूळ प्रतीला १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत लागलेल्या आगीची झळ बसली. पुढे जाणत्या कारागिरांनी कष्टाने ती सुधारली आणि २०१५ च्या मे महिन्यात, बरोबर साठ वर्षांनी, न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात चित्रपट पुन्हा उजळून दाखवला गेला. त्या चित्रपटामागे जग उभे होते. आपल्या मुलाच्या चित्रपटामागे कोण असणार? म्हणून पहिल्या दिवसापासून दोन प्रती, दोन निराळ्या गावी ठेवाव्या. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवतो काय?

सरकारची काही मदत आहे. चित्रपटांना कर्ज देणारे महामंडळ १९६० साली निघाले, तेच आज राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात सामावले आहे. मराठी चित्रपटांसाठी राज्य शासनाची अनुदानाची योजना आहे. पण ते अनुदान पुऱ्या झालेल्या, प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाला मिळते. अपुऱ्या चित्रपटाला नव्हे. म्हणजे पुन्हा गोष्ट तेथेच आली: काम पुरे करा.

आता शेवटचे सांगणे, ते निर्मात्यांना नाही, तुम्हाआम्हाला आहे.

१९५४ साली ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा मिळायला पन्नास वर्षे लागली. तो ‘श्वास’ला मिळाला. कोकणातला एक आजोबा आपल्या नातवाला डोळ्यांच्या आजारासाठी शहरात आणतो, एवढीच त्याची गोष्ट. पुढे तो परदेशी स्पर्धेला पाठवायचा ठरला तेव्हा तेथल्या खर्चासाठी साध्यासुध्या लोकांनी वर्गणी दिली. या पन्नास वर्षांत चांगल्या गोष्टी सांगणारे मराठीत कोणी नव्हतेच, असे कोण म्हणेल?

बंगालमध्ये राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्येच कलकत्त्याला फिल्म सोसायटी काढली होती, म्हणजे चित्रपट काढण्याआधी त्यांनी पाहणारे तयार करायला घेतले होते. हे काम आपल्या शाळेला, वाचनालयाला, ग्रामपंचायतीला जमण्यासारखे आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, एक पडदा, निर्मात्याची रीतसर परवानगी, ऐपतीप्रमाणे त्याला पैसे आणि चित्रपट संपल्यावर अर्धा तास बोलणे. निर्माता जवळपासचा असेल तर त्यालाच बोलवा. मुलांना विचारा, की दुर्गा गेली तेव्हा आई मोठ्याने का रडत नाही. त्यांच्या उत्तरांनी तुम्हीच चकित व्हाल.

आणि जवळच्या गावात एखादा लहान मराठी चित्रपट लागला, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत जा. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणालात, तर पुढच्या आठवड्यात तो तेथे नसेल. आवडला तर चार जणांना सांगा. नाही आवडला तर तेही सांगा, पण पाहून सांगा.

पीक शेतकऱ्याचे असते, पण कोणाच्या तरी ताटात भाकरी पडेपर्यंत त्याचे काम संपत नाही. चित्रपटाचेही तसेच. अंधारात बसून कोणी तो पाहतो, घरी जाऊन दुसऱ्याला सांगतो, तेव्हा कुठे तो पुरा होतो. एवढा वाटा आपल्याकडे आहे, आणि तो फार महागही नाही.